साडूच्या वाटीतलं मीठ

"यंदाच्या मंडईले माझा बीपी नंदलालच्या बीपीच्या खाली आणून नाही दाखवला, तं नावाचा चैतराम नाही!"

मुर्री गावातल्या आपल्या अंगणात कमरेवर हात ठेवून चैतरामनं ही प्रतिज्ञा केली. ऐकायला फक्त त्याची बायको सुलोचनाबाई होती. ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मानही वर केली नाही.

"आंघोळ करून घ्या जी. पाणी थंडं होऊन राहिलं."

नंदलाल म्हणजे चैतरामचा साडू. राहणार फुलचूर, बँकेतून निवृत्त. सुलोचना आणि प्रेमिला या दोन्ही बहिणींची लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात लागली, आणि त्या मांडवात चैतरामच्या पोटात जे दुखू लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही! नंदलालची वरात घोडीवर आली, चैतरामची ट्रॉलीत. नंदलालच्या बँडमध्ये गाणारा होता, चैतरामच्या बँडमध्ये वाजवणारेच पुरते नव्हते. पुढे नंदलालनं स्कूटर घेतली, तेव्हा चैतरामनं सायकलला नवी घंटी बसवली. नंदलालनं कार घेतली, तेव्हा चैतरामला जुनी लुना मिळाली. नंदलालच्या डोक्यावरचे केससुद्धा अजून जागच्या जागी होते. चैतरामचे केव्हाच साथ सोडून गेले होते.

फक्त एका बाबतीत चैतराम पुढे होता. बीपी! दोघांनाही तो एकाच सुमारास निघाला, पण चैतरामचा आकडा मोठा. लग्नकार्यात गाठ पडली की चैतराम मुद्दाम विषय काढी.

"तुमचा किती आहे जी? एकशेपंचावन? फक्त? माझा एकशेसत्तर!"

हे तो अशा थाटात सांगे की जणू धानाचा एकरी उतारा सांगतो आहे. नंदलालचं तोंड एवढंसं होई. त्या दिवशी चैतराम एक सुवारी, म्हणजे पुरी, जास्त खाई.

पण हेही सुख फार दिवस टिकलं नाही. एके सकाळी प्रेमिलाचा फोन आला. सुलोचनाबाईनं नेहमीप्रमाणे स्पीकर लावला.

"सुलू, आमच्या इकडं चमत्कारच झाला! यांचा बीपी एकशेचोवीस! डॉक्टर म्हणते, गोळी तं आहेच, पण खाण्यातल्या पोटॅशियमचा गुण आला. केळं खाते, नारळपाणी पेते, पालक खाते, अन् मिठाले तं हातच नाही लावत!"

"अगं बाई!" सुलोचनाबाई धन्य झाली. मग चैतरामच्या ताटाकडे पाहत म्हणाली, "पाहा नंदलाल भाऊजीले! नाही तं तुम्ही. लोणच्याचा खार भातावर वतून घेता!"

पुढे हे फोन रोजचेच झाले. एवढं ऐकवून झालं की ती स्पीकर बंद करून मागच्या परसात जाई आणि तिथं बहिणीबहिणींची बराच वेळ कुजबुज चाले. ती काय असते याच्याशी चैतरामला देणंघेणं नव्हतं. स्पीकरवर ऐकवलेलं तेवढंच त्याला पुरे होतं! सकाळी चहाबरोबर 'नंदलाल भाऊजीले पाहा', दुपारी भाताबरोबर 'नंदलाल भाऊजीले पाहा', सून नीतू पापड भाजायला लागली की 'नंदलाल भाऊजी पापड खात नाही, पाहा!' पाहून पाहून चैतरामचे डोळे दुखायला आले.

त्याचं मागणं काही मोठं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, चार पाहुण्यांच्या देखत सुलोचनेनं म्हणावं, 'आमच्या ह्यांना पाहा!' बाकी बीपी गेला चुलीत.

आणि संधी चालून आली होती. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. घर पाहुण्यांनी भरतं, गावभर दुकानं लागतात, लेकी-जावई येतात. मुर्रीच्या मंडईला नंदलाल येणारच होता, आणि येताना बीपी मोजायचं यंत्र आणणारच होता. हल्ली तो ते पिशवीत घालून सगळीकडे न्यायचा. कोणी नुसतं 'बसा' म्हटलं की त्याच्या दंडाला पट्टा बांधायचा!

चैतराम कामाला लागला. पोटॅशियम म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. तो धान पिकवणारा माणूस. धानाला पोटॅश दिला की लोंबी भरते, पीक ताठ उभं राहतं. वखारीत पोटॅशचं अर्धं पोतं पडलंच होतं. चैतराम त्याच्याकडे बराच वेळ पाहत उभा राहिला. मुलगा गजेंद्र तिथं आला नसता तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

"बाबा, काय पाहून राहिले?"

"काही नाही. पोतं पाहून राहिलो."

हिशेब सोपा होता. नंदलालनं एक डोस दिला, तर आपण दोन द्यायचे! नंदलाल एक केळं खातो, तर चैतराम फणीची फणी उडवू लागला. तळ्यातले शिंगाडे नुकतेच निघाले होते. त्यातही पोटॅशियम असतं म्हणे, म्हणून उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन तो बांधावर बसायचा आणि जनावरानं चारा खावा तसा खायचा. नारळपाणी प्यायला लुनावरून गोंदियाला जायचा. पोट नगाऱ्यासारखं झालं. पण बीपी? गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या मोनाली मॅडमकडे मोजला, तर एकशेपन्नास! उतरला होता खरा, पण नंदलाल अजून कितीतरी पायऱ्या खाली बसला होता.

"चांगलं चाललं आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "यानं हळूहळूच फरक पडतो. मीठ कमी करा, गोळी चुकवू नका."

हळूहळू? मंडई तोंडावर आली होती!

चैतरामनं लुनाला लाथ मारली आणि थेट गोंदियाच्या बाजारात एका किराणा दुकानापुढे जाऊन थांबला.

"भैया, पोटॅशियम दो. तेजवाला!"

दुकानदारानं त्याच्या पायातल्या चिखलाकडे पाहिलं. "खेत के लिए, कि खाने के लिए?"

"खाने के लिए! मैं क्या खेत हूं?"

दुकानदारानं मिठाचं एक पाकीट काढून दिलं. "ये लो. कम सोडियम वाला नमक. इसमें पोटॅशियम रहता है. लेकिन बीपी की गोली चालू है, तो पहले डॉक्टर से पूछ लेना."

"पूछता हूं, पूछता हूं!"

पण विचारायचं कोणाला? मॅडमला विचारलं की त्या सुलोचनेला सांगणार, सुलोचना प्रेमिलाला, प्रेमिला नंदलालला, आणि नंदलाल दुसऱ्या दिवशी दोन पाकिटं आणणार! चैतरामनं पाकीट तांदळाच्या ढोलीत खोल दडवलं आणि चोरून वापरायला सुरुवात केली. वरणावर टाकलं, भातावर टाकलं, केळ्यावरसुद्धा टाकून पाहिलं. जिभेवर कडसर चव राहायची, तर त्याला वाटायचं, औषध आहे म्हटल्यावर कडू असणारच! शिवाय घरचं साधं मीठ तर सुलोचनाबाईच्या भाजीत होतंच. ते कमी करायला तिला कारण सांगावं लागलं असतं.

मंडईचा दिवस उजाडला. त्या दिवशी सकाळी चैतरामला एक विचार सुचला, आणि तो स्वतःच स्वतःवर खूश झाला. आपला उतरत नसेल, तर त्याचा चढवायचा!

सकाळपासून मटण शिजत होतं. सुवाऱ्या तेलातून निघत होत्या. अंगणात पाहुणे दाटले होते. नंदलालची कार आली आणि नेमकी चैतरामच्या लुनाशेजारी उभी राहिली. नंदलाल उतरला. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर ते केस, खांद्याला ती पिशवी.

"कैसे हो चैतरामजी? सध्या किती चालू आहे?"

"जेवल्यावर मोजू ना जी," चैतराम गोड हसला. "घाई कायची आहे? आज मीच बाढतो तुम्हाले."

सुलोचनाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. संसारात चैतरामनं कधी पाण्याचा गडवासुद्धा कोणाला भरून दिला नव्हता! "तुम्ही बाढता?"

"मंग! साडू आला माझा. मले मन नाही का?"

तो स्वयंपाकघरात शिरला. दोन वाट्या रश्शाच्या भरल्या. एक आपली. तिच्यात पाकिटातलं मीठ सढळ हातानं टाकलं. दुसरी नंदलालची. तिच्यात घरच्या डब्यातलं मीठ घातलं. चिमूटभर घालायचं ठरलं होतं. पण चिमूट भरताना त्याला घोडीवरची वरात आठवली, मग कार आठवली, मग ते केस आठवले, आणि हात डब्यात खोल खोल गेला. रश्शात चमचा उभा राहील इतकं मीठ पडलं! वरून झणझणीत तर्री सोडली, म्हणजे काही दिसायला नको.

आता या घराण्याची एक रीत आहे. एका मांडवातले दोन्ही जावई मंडईला भेटले की एकाच ताटात जेवतात. ही रीत चैतराम विसरला नव्हता. ताट एक असलं तरी वाट्या दोन असतात, एवढा हिशेब त्यानं नीट केला होता. ताटात मधोमध भाताची रास, एका बाजूला एक वाटी, दुसऱ्या बाजूला दुसरी. दोघे मांडीला मांडी लावून बसले. पाहुणे कौतुकानं पाहू लागले.

आणि प्रेमिला आली.

"हे का जी? एका ताटाले दोन वाट्या? असं तं कुठीच नाही पाहिलं!" असं म्हणून तिनं एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी वाटी घेतली आणि दोन्ही एकदम भातावर उपड्या केल्या! वर हातानं कालवूनही दिलं. "हां, आता खा भावासारखे."

चैतरामचा हात वाट्या धरायला निघाला, तोवर त्या रिकाम्या झाल्या होत्या.

नंदलालनं पहिला घास घेतला. त्याचे डोळे मोठे झाले. मग आणखी मोठे झाले. त्यानं तो घास कसा गिळला ते त्यालाच ठाऊक. पण माणूस सभ्य.

"कसं झालं भाऊजी?" सुलोचनाबाईनं समोर येऊन विचारलं. पहाटेपासून ती चुलीपाशी होती.

"छान... छान आहे. पण मी मीठ कमी करून राहिलो ना? मी आपलं केळं खातो."

सुलोचनाबाईचं तोंड उतरलं. "मीठ जास्त झालं का जी? पाहू बरं," आणि तिनं ताटाकडे हात नेला.

तिनं चव घेतली की चोरी उघडी! सगळ्या पाहुण्यांसमोर! चैतरामनं ताट झटकन आपल्याकडे ओढलं.

"कोण म्हणते जास्त? अमृत झालं आहे, अमृत! मले असंच पाह्यजे!"

आणि खाऊ लागला. पहिल्या घासाला जीभ सोलवटली. दुसऱ्याला कानातून वाफा निघाल्यासारखं झालं. तिसऱ्यानंतर चव कळायची थांबली, ही देवाचीच कृपा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं 'वा! वा!' चाललं होतं.

"अगं पाहा नीतू," सुलोचनाबाई विरघळून सुनेला म्हणाली, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चांगलं म्हणून राहिले. डोळ्यांत पाणी आलं त्यायच्या!"

त्यानं ताट बोटानं पुसून स्वच्छ केलं. पुराव्याचा एक कण शिल्लक ठेवला नाही. मग घागरीतलं अर्धं पाणी प्याला.

"चला, आता मोजू," नंदलालनं यंत्र काढलं.

चैतरामच्या दंडाला पट्टा बांधला. यंत्र घुरघुरलं. सगळं अंगण यंत्रावर वाकलं होतं. एकशेशहाण्णव!

"मशीन बिघडली असेल," नंदलाल म्हणाला आणि पुन्हा मोजलं. दोनशेदोन!

"बाप्पा!" कोणीतरी ओरडलं. चैतरामच्या छातीत धडधड सुरू झाली, मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटू लागला, हातापायांना घाम फुटला. आता मात्र तो खरंच घाबरला. नंदलालला हरवायच्या नादात आपण मरतो की काय! आणि मेलो तर सुलोचना आयुष्यभर म्हणणार, 'नंदलाल भाऊजीले पाहा, अजून जिवंत आहेत!'

गजेंद्र आणि नंदलालनं त्याला उचललं आणि कारमध्ये पुढच्या सीटवर बसवलं; मागे दोघी बहिणी बसल्या. कारची पुढची सीट इतकी मऊ असते, हे चैतरामला तेव्हा कळलं. तशा अवस्थेतही त्याच्या पोटात दुखलं.

उपकेंद्रात मोनाली मॅडमनी त्याला झोपवलं. "काय खाल्लं काका?"

"काही नाही. घरचंच."

तेवढ्यात नीतू धापा टाकत आली. पाहुण्यांसाठी आणखी तांदूळ काढायला ती ढोलीत वाकली होती, तर हाताला पाकीट लागलं होतं. "मॅडम, हे काय आहे? बाबा रोज ढोलीत हात घालून काय करते, ते आज समजलं!"

मॅडमनी पाकीट वाचलं आणि कपाळाला हात लावला. "काका, केळं, शिंगाडे, पालक खायला मीच सांगते. पण हे मीठ न विचारता नाही घ्यायचं! तुमची जी गोळी आहे ना, ती अंगातलं पोटॅशियम धरून ठेवते. त्यात हे वरून ओतलं, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आत्ताच्या आत्ता गोंदियाला जाऊन ईसीजी काढायचा, रक्त तपासायचं. पण बीपी एवढा वर कसा गेला? यानं तर जात नाही. साधं मीठ किती खाल्लं?"

चैतरामनं छताकडे पाहिलं.

"सांगा जी!" सुलोचनाबाईचा आवाज रडवेला झाला होता. तिनं त्याचा हात घट्ट धरला होता. त्या हाताकडे पाहून चैतरामला खोटं बोलवेना.

"मूठभर."

"मूठभर? काऊन?"

"ते माझ्यासाठी नव्हतं." त्यानं डोळे मिटून घेतले. "नंदलालजीच्या वाटीत टाकलं होतं. त्यायचा बीपी वाढावा म्हणून. प्रेमिलानं कालवून देल्लं."

आता नंदलाल कार घेऊन निघून जाणार, आपल्याला लुनावर गोंदियाला जावं लागणार, असं चैतरामला वाटलं. पण नंदलाल शेजारच्या खुर्चीत मटकन बसला आणि त्यानं सदऱ्याची बाही वर केली.

"मॅडम, माझाही मोजा."

मॅडमनी मोजला. एकशेबासष्ट!

"अहो, तुमचा तर एकशेचोवीस ना?" सुलोचनाबाई चक्रावली.

"तो फुलचूरले," नंदलाल खाली मान घालून म्हणाला. "मुर्रीत आलो का वाढते. म्हणून तं मी आज आधी चैतरामजीचा मोजला. मले माझा दाखवायचाच नव्हता."

"मुर्रीत कायले वाढते जी?" चैतराम अंथरुणातून उठून बसला.

"तुमच्यामुळं! मुर्रीले यायचं ठरलं का आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ एकच. 'चैतराम भाऊजीले पाहा! सुलूले अजून लुनावर बसवून नागऱ्याच्या महादेवाले शिवरात्रीले नेते. रस्त्यात गरम भजे खाऊ घालते. तुमची कार असून तुम्ही मले कधी नेलं?' मी केळं खाऊन उतरवतो, ही तुमचं नाव घेऊन चढवते!"

"मंग खोटं आहे का?" प्रेमिला फणकारली. "कारमध्ये तं हे एसी लावून नुसते बातम्या ऐकते!"

चैतराम ऐकत होता. नंदलालला, घोडीवाल्या, कारवाल्या, केसवाल्या नंदलालला त्याच्या लुनाचा हेवा वाटत होता! मॅडमनी त्याच्या दंडाला पुन्हा पट्टा बांधला. आकडा खाली यायला लागला होता.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "त्यायले आणखी थोडं बोलू द्या ना."

गोंदियाला सगळे त्याच कारनं गेले. ईसीजी ठीक निघाला, रक्तात पोटॅशियम थोडं वर होतं, पण वेळेत सापडलं. पाकीट कचऱ्यात गेलं. साधं मीठ अर्ध्यावर आलं. केळं रोज एक. परत येताना नंदलालनं कार नागऱ्याच्या रस्त्यानं वळवली, प्रेमिलाला भजी खाऊ घातली आणि बातम्या लावल्या नाहीत. चैतरामला ते मुळीच आवडलं नाही. एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे होती, तीही गेली!

घरी आल्यावर सुलोचनाबाईनं अळणी वरणाचं ताट त्याच्यापुढे ठेवलं. तो बराच वेळ भात चिवडत बसला.

"सुलोचना, प्रेमिला माझी एवढी तारीफ करते, ते तुले माहीत होतं?"

"हव. परसात जाऊन कायचं बोलत होतो आम्ही? रोज तेच तं सांगे ते."

"मंग मले काऊन नाही सांगितलं? नंदलालचं तेवढं स्पीकरवर, अन् माझं परसात?"

"सांगितलं असतं," सुलोचनाबाई मिठाचा डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवत म्हणाली, "तं तुमचा बीपी खाली आला असता, अन् नाक वर गेलं असतं!"

चैतरामनं गुपचूप केळं सोललं.